पाच सूत

शेषराव झाडे म्हणाले, तान्ह्या पोळ्यानंतर येतो,
आत्ता नंदी सुरू आहेत, चाकं बसायची आहेत.
तोवर आम्ही दार ढकलत राहिलो
ज्याच्या त्याच्या पद्धतीनं.
यांचा उजवा खांदा, आधी एक पाऊल मागे घेऊन.
तेजूची कंबर, हातातला मोबाइल न हलवता.
मी लाथ मारते, खालच्या कोपऱ्यात,
आणि लगेच वाकून उंबऱ्याला हात लावते.
आवाजावरून ठवकरबाई ओळखतात.
कंपाउंडवरून म्हणतात, आज साहेब लवकर आले वाटते.

मे महिन्यात हेच दार इतकं आक्रसतं
की फटीतून उन्हाची पट्टी येऊन सोफ्यावर चढते
आणि कूलरचा गारवा तिकडून पळतो.
ऑगस्टात फुगून बसतं, जावयासारखं.
पहिल्या वर्षी मेणबत्ती घासली, दुसऱ्या वर्षी साबण.
तिसऱ्या वर्षी यांनी पॉलिशपेपरवर दोन रविवार घालवले.
स्क्रू पिळले तर ते नुसते फिरत राहिले
भोकातल्या भोकात.

शेषराव आले. नखांत अजून नंद्यांचा पांढरा रंग,
थोडा शिंगांचा सोनेरी.
दाराकडे त्यांनी पाहिलंच नाही.
पिशवीतून ओळंबा काढला, चौकटीच्या वरच्या कोपऱ्याशी धरला, सोडला.
डुलला. डुलत राहिला.
आम्ही तिघं उगाच श्वास धरून.
थांबला.
"पाच सूत," ते म्हणाले.
"दार गरीब हाय बाई. चौकट झुकून राहिली.
काहून घासून राहिले त्याले?"

मग त्यांनी घर वाचायला घेतलं.
लिंटेलवरून निघालेली तिरपी भेग,
ट्यूबलाइटच्या मागून खाली उतरलेली,
जिच्यावर आम्ही कॅलेंडर टांगतो.
"काळी माती. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते.
पाया मुरुमापर्यंत न्या लागत होता."

हुडकेश्वरच्या या लेआउटमध्ये तेव्हा तूर उभी होती.
ठेकेदार विटांच्या ढिगावर बसून चहा प्यायचा,
पक्कं काम आहे म्हणायचा.
चौकट उभी केली त्या दिवशी मी ऑफिसात, हे रजेवर.
हळदकुंकू झालं, आंब्याची पानं झाली,
मजुरांना पेढेसुद्धा.
ओळंबा कोणी धरला नाही.
हे मी बोलले नाही.
यांनी ऐकलं.

घासतं कुठं ते नेमकं पाहायला शेषराव खडू शोधत होते.
मी कपाटातून कार्बन पेपर काढला.
एकवीस वर्षं पोस्टात पावत्या केल्या,
निघताना उरलेला डबा कोणी मागितला नाही.
कडेला लावला, दार मिटलं, उघडलं.
वर बोटभर निळा डाग.
कुलपाजवळ नखाएवढी कोर.
एवढंच.
आठ वर्षांची झटापट, एवढ्याशा जागेशी.

चौकट उपटायची तर भिंत फुटते,
भिंत फोडायची तर अजून सहा वर्षांचे हप्ते आहेत.
त्यांनी वरची बिजागरी आत खोदली,
खालचीमागे संत्रा बर्फीच्या डब्याचा पुठ्ठा घातला,
ढिल्या भोकांत सागाच्या काड्या गोंद लावून ठोकल्या.
शेवटी कोरीवर दोनच हात रंधा.
"वाकड्याले वाकडंच जुळवा लागते," म्हणाले,
आणि सहाशे झाले.

संध्याकाळी हे आले. एक पाऊल मागे, खांदा पुढे,
आणि थेट चपलांच्या रॅकवर.
तेजू हसली, मग उशिरानं हेही.
ठवकरबाईंना कळलंच नाही कोणी आलं ते.

रात्री उठून मी एका बोटानं दार उघडलं, लावलं.
परत उघडलं.
बाहेर कुत्रं बसलं होतं, तेही दचकलं नाही.

मागचं दार नवरात्रात पाहू म्हणालेत.
त्याला अजून लाथच.
हात मात्र आता दोन्ही उंबऱ्यांना लावते.