पंखा बंद करून

दर दोन-तीन महिन्यांनी वाघुळदे येतात
भुसावळहून, पॅसेंजरनं,
जळगावच्या सराफ बाजारात, माझ्या गाळ्यावर,
दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.
विकायला काही आणत नाहीत. मोडायलाही नाही.
फक्त वजन करून मागतात.

रुमालात तंबाखूची डबी,
डबीत कापूस, कापसात पदक.
चांदीचं एक, पितळी म्हणून घेतलेली दोन, निघाली काशाची.
सगळ्यांवर तेच: ढगांत लांबुळकं काहीतरी,
खाली तळं, टोप्या उंचावलेली माणसं.
पहिल्यांदा मी म्हणालो होतो,
भरताचं वांगं दिसतंय, काका.
ते हसले नाहीत. म्हणाले, हो, बामणोदचं.
पण हे उडायचं. जर्मनीत. शंभरावर वर्षं झाली.

लोको शेडात फिटर होते.
जर्मन अक्षरं ओळखतात ती एका जुन्या लेथच्या पाटीवरून.
तेवढ्यावर पदकाची कड वाचतात,
अडलं की नखानं चाचपतात.
पैसे कुठून काढतात, मी विचारलं नाही.
काकू एकदा सोबत होत्या, बांगडी सांधायला.
म्हणाल्या, "मले चमकी नाही घेतली कधी,
अन् हे इमानं घेतात."
काका तेव्हा भिंग पुसत होते.
बराच वेळ पुसत होते.

या मे महिन्यात नवीन आणलं. राखाडी, मळकं.
कसोटीवर ओढायला गेलो तर हात धरला.
ॲल्युमिनियम आहे, म्हणाले. त्याच जहाजाचं.
वादळात दोर तुटले, पेटलं, शेतात पडलं.
लोकांनी सांगाडा वेचून नेला
आणि त्याचीच पदकं पाडली.

पडलेल्याची पाडली, मी म्हणालो.
आमच्याकडे मोडलेलं मुशीत जातं,
पुन्हा त्याचं तोंड दिसत नाही.
ते म्हणाले, नीट बघ. उडतानाचंच काढलंय.
खरं की विकणाऱ्याची थाप,
ते त्यांनाही ठाऊक नाही.

काट्यावर ठेवलं.
तीन ग्रॅम, आणि पुढचे आकडे थांबेनात,
वर, खाली, पुन्हा वर.
पंखा बंद कर, म्हणाले.
मी कूलरही बंद केला.
बाहेर शेहेचाळीस. रस्त्यावर कुत्रं नाही.
काचेच्या पेटीवर वाकून
आम्ही दोघं, घाम टिपत,
ते उतरायची वाट बघत.