पाऊण वाजता

शुक्रवारी आम्ही गच्चीवर जातो.
चौथी ब, एकतीस पोरं. माझगावच्या या शाळेत
जिन्याच्या कुलपाची किल्ली तावडेमामांच्या कमरेला,
आणि मामांची अट एकच: टाकीवर चढायचं नाही.

रंगाच्या रिकाम्या डब्यात रेती,
रेतीत झाडूचा दांडा, मोजून शंभर सेंटिमीटर.
तो सरळ उभा आहे की नाही ते यल्लेश ठरवतो,
दोऱ्याला नट बांधून, एक डोळा मिटून.
बाप गवंडी आहे त्याचा.
तो "ओळंबा" म्हणतो तेव्हा
पुस्तकातला गुरुत्वाकर्षणाचा धडा
जरा बाजूला सरकून उभा राहतो.

गट तिसरा. प्रणिता तांडेल घड्याळ सांभाळते,
सम्राट पट्टी, नाझनीन वही.
पाऊण म्हणजे पाऊण.
"आत्ता!" प्रणिता अशी ओरडते
की खाली बालवाडीतली बडबड थांबते.

वहीत असं आहे:
बावीस जून, आठ. टाकीकडे.
एकोणतीस, ढग.
सहा जुलै, साडेसहा. टाकीकडे.
तेरा, ढग.
वीस, तीन. टाकीकडे.
(त्या दिवशी सावली सम्राटच्या दोन बोटांखाली मावली.)

मी सांगून टाकलं होतं, सांगायला नको होतं:
पुढच्या शुक्रवारी सूर्य बरोबर डोक्यावर,
सावली दांड्याच्या पायाशी गुडूप.
पोरांनी घरोघर आमंत्रणं दिली.
नाझनीनची अम्मी धाकट्याला कडेवर घेऊन
चार मजले चढून आली.
मामांनी डबा उघडला नाही.

आणि आकाश, गोदीपासून राणीबागेपर्यंत,
भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं.

"आत्ता," प्रणिता म्हणाली, हळूच.
दांडा होता. सावली नव्हती.
"झालं! शून्य! लिही शून्य!" सम्राटने पट्टी उंचावली.
नाझनीनने पेन्सिल टेकवलीच नाही.
"माझीपण नाहीये सावली, बघ.
टाकीचीपण नाही. मग सगळ्यांचंच शून्य?"
"मग काय! नाही म्हणजे शून्यच ना, बाई?"

अठरा वर्षं शिकवते आहे मी.
चुकलेल्या गणिताला शून्य देते,
कोऱ्या पानालाही तेच, त्याच लाल पेनने.
एकतीस चेहरे माझ्याकडे, शिवाय मामा, शिवाय अम्मी.
मी म्हटलं, गटाने ठरवा.

नाझनीनने लिहिलं:
सत्तावीस जुलै. दिसलं नाही.
सम्राट आठवडाभर रुसला.

तीन ऑगस्टला पुन्हा ढग.
दहाला असं ऊन, की डांबरावर गुडघे टेकवेनात.
दप्तराची घडी घालून सम्राट तिच्यावर बसला,
मोजलं, उठला, परत बसला.
"बाई, ही चुकीच्या बाजूला आलीय."
सहा सेंटिमीटर. जिन्याकडे.

डबा कोणी फिरवला यावर थोडी झटापट झाली.
यल्लेशने दोरा सोडला, डोळा मिटला:
"दांडा सरळ आहे. गोल डबा फिरवून काय होणार?"
मग चौघं वहीभोवती उकिडवी.
तीन, इकडे. सहा, तिकडे.
एका आकड्यावरून दुसऱ्याकडे जाताना
नाझनीनचं बोट वाटेत अडलं
"दिसलं नाही"पाशी.
सम्राटने पट्टी पुढे सरकवली,
नखाने एकेक रेघ मागे आला, तीन, दोन, एक,
आणि पट्टीच्या टोकाशी थांबला.
"च्यायला," तो म्हणाला. मी ऐकलं नाही असं केलं.
"इथूनच गेली असणार. न जाता तिकडे जाईल कशी?"

तिने जुनं खोडलं नाही.
त्याच्याखाली बारीक अक्षरात जोडलं:
पण झालं होतं.

कुलूप लावताना मामांनी विचारलं,
"पुढच्या शुक्रवारी किती भरेल?"
"नऊ नाहीतर दहा. जिन्याकडे."
"ढग नसले तर," मामा हसले.
"असले तरी," नाझनीन म्हणाली,
आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.