होडीतून

माझं काम सोपं. सामना सुरू झाला
की गोलच्या मागे, खाडीत, होडी घेऊन बसायचं.
बारवरून गेलेला चेंडू पाण्यात पडला
की वल्ही मारत जायचं, जाळ्यानं उचलायचा
आणि किनाऱ्यावर भिरकावायचा.
आमच्या बेटावर सपाट जमीन तेवढीच.
बाकी सगळा उतार, तो मेंढ्यांचा.

तोर्लेफ धक्क्याच्या कडेला उभा असायचा.
राखीव गोली. चेंडू परत घेणं त्याच्याकडे.
अकरा हंगाम
मी फेकायचो, तो झेलायचा:
ओला, मिठानं बुळबुळीत,
वाऱ्यानं ऐन वेळी मान वळवलेला.
एकही सुटला नाही, असं म्हणणार नाही.
पहिल्या वर्षी निम्मे सुटले.
एक तर त्याच्या कपाळावर आपटून
परत माझ्याच होडीत आला.

पहाटे चारला तो मासळीच्या कारखान्यात.
कॉड चिरून चिरून बोटांची लाकडं व्हायची,
दुपारी त्यांनाच पुन्हा बोटं करायचं
गरम पाण्याच्या बादलीत.

पहिला गोली आधी प्रशिक्षकाचा मेहुणा होता,
मग मुख्य बेटावरून आलेला एक,
मग हाल्गिर, याच्याहून नऊ वर्षांनी लहान.
तिघांचेही हातमोजे तोर्लेफच वाळत घालायचा
हीटरवर, बोटं वर करून,
जणू खोलीत कुणीतरी शरण आलंय.

बाइंता, त्याची बायको, एकदा वैतागली:
"इतकी वाट तर माझ्या आईनंही बघितली नाही,
आणि तिचा नवरा ग्रीनलंडला जायचा."
त्यानं कॉफी ढवळली. साखर नव्हती त्यात.
"वाट कुठे बघतोय," म्हणाला, "जातो तिथं, एवढंच."

मग त्या ऑक्टोबरात हाल्गिरचा अंगठा मोडला.
खेळात नाही. गाडीच्या दारात.
तोर्लेफ चौतिसाचा. बसता-उठता
गुडघे कुरकुरायचे, जुन्या शिडासारखे.

शेवटची मिनिटं. पेनल्टी.
वारा इतका की चेंडू जागेवर ठेवायला
एक जण गवतावर आडवा, बोट टेकवून.
मला समोरचं काही दिसत नाही कधी,
फक्त गोलीची पाठ, जाळीच्या चौकोनांत चिरलेली.
गोली आधीच पडतात. डावीकडे, उजवीकडे,
नशिबावर भार टाकून.
हा पडला नाही.
उभाच राहिला, लाज वाटावी इतका वेळ,
जणू चेंडू मीच फेकलाय
आणि वारा काय म्हणतो ते आधी ऐकून घ्यायचंय.
मग डावा हात. बस.
त्या दिवशी माझी होडी कोरडी राहिली.

पुढचं तुम्हाला पेपरात मिळेल.
सदतिसाव्या वर्षी देशाचा शर्ट,
परक्या मैदानावर चार गोल खाल्ले, नऊ अडवले.
पेपरवाल्यांनी लिहिलं, 'अचानक गवसलेला'.
ते वाचून बाइंता हसली, ठसका लागेपर्यंत.

आता कडेला योहान उभा असतो. सतरा वर्षांचा.
निम्मे सोडतो. कान लाल होतात त्याचे.
परवा मी चेंडू जरा अलगद टाकला
तर गोलमधून, मागे वळूनही न बघता,
तोर्लेफ ओरडला:
"हळू नको रे! त्याला वारा कळू दे."