रविवारी लाईट नाही

बुधवारी हेस्कॉमचा मेसेज आला, कन्नडात.
ह्यांनी भरभर वाचला:
रविवारी सकाळी नऊ ते पाच,
वडगाव, खासबाग, लाईट नाही.
माग बंद.
पहिल्यांदाच शिवी दिली नाही.
म्हणाले, मग जाऊया की बागेला.

बाग हुक्केरीच्या पलीकडं, धरणाच्या खाली.
अक्षताची शाळा जाऊन आलीय.
ती म्हणते, चालून चालून पाय दुखतात,
काचेच्या घरात नुसते निवडुंग,
आणि एका झाडाला फळं बुंध्यालाच लागतात.
फणस असेल. फणस खानापुरात ढीगभर.
फणस नव्हे गं आई, वेगळंच. पाटीवर नाव होतं.
मग सांग की.
विसरले.

यादीला कागद मिळेना,
म्हणून डिझाईनचा जुना कागद उलटा केला.
पुढं चौकोन भरून भरून काढलेली कोयरी,
मागं माझं अक्षर:
भाकऱ्या तीस. शेंगाचटणी.
दहीबुत्ती, डब्यात नको, पातेल्यात.
मामंजींची दुपारची गोळी.
चटई. उलटीच्या पिशव्या चार.
टोपी.
कुणाची ते लिहिलं नाही, घरात एकच आहे.

क्रूझर सांगूया, गुंडूभावजी म्हणाले.
साडेचार हजार.
कुणीतरी पंख्याकडं बघितलं.
मग सरकारी बस.
बसला आम्ही बायका फुकट, आधार दाखवलं की झालं.
मामंजींना थोडी सूट.
सोनूचं अर्धं लागतंय की लागत नाही,
त्याला दाराच्या चौकटीला उभं करून बघितलं
आणि सांगितलं, कंडक्टर आला की मांडीवर बस.

रेणुकाक्का चंदगडहून येणार, शनिवारच्या एसटीनं.
ती पण फुकट, सासूबाई म्हणाल्या.
नाही आजी, आत्याचं आधार तिकडलं.
तिकडलं म्हंजे?
तिकडलं म्हणजे महाराष्ट्रातलं.
सासूबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या.
एसटीत तिला अर्धं, ते पण शिनोळीपर्यंत,
शिनोळीच्या पुढं पुरं,
आणि इथं माझ्या मांडीला मांडी लावून बसली तरी पुरं?
ह्याच घरात जन्मली ती.
मागाच्या खड्ड्याशेजारी पाळणा होता तिचा,
धोट्याच्या आवाजावर झोपायची.
कंडक्टरला हे सांगून चालेल काय?

कुणी बोललं नाही.
मग त्यांनीच ठरवलं:
तिला खिडकीला बसवा, मी वाटेच्या बाजूला.
तिला कळायच्या आत तिकीट काढते.
लिही, म्हणाल्या.
मी लिहिलं: रेणुका, तिकीट, गुपचूप.

मामंजी एवढा वेळ गप्प.
चाळीस वर्षं शेवंतीची बुट्टी विणली त्यांनी,
पदरावर, काठावर, नवऱ्यामुलींच्या अंगभर.
म्हणाले, आमच्या शेवंतीला पाकळ्या अकरा.
खऱ्या फुलाला अकरा असतात काय, ते बघायचंय.
भावजी हसले. अप्पा, ते कार्डात जागा तेवढी म्हणून.
ते मला माहीत आहे, मामंजी म्हणाले.
तरी बघायचंय.

शनिवारी रात्री आक्का आली,
पिशवीत रताळी, काजू,
आणि पदराच्या गाठीत सुट्टे पैसे.
माझं तिकीट मी काढणार, चपला काढता काढताच म्हणाली,
आईला सांगू नको.
मी यादीकडं बघितलं आणि हो म्हणाले.

भाकऱ्या झाल्या. तिसावी थोडी करपली.
फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवत होते
तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला.
हेस्कॉम.
हे वाचत राहिले, पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ.
मागाकडं बघितलं. अर्धी साडी तशीच चढलेली,
सोमवारी द्यायची होती.
मग फोन माझ्याकडं दिला.
काय लिहिलंय?
कन्नडात आहे, म्हणाले,
मला कुठं वाचता येतंय.

मी पण वाचला.
रविवार, रद्द, एवढे दोन शब्द.
मला पण येत नाही, म्हणाले,
आणि यादीत शेवटी लिहिलं:
पहिली बस, सहा वीस.