पूर्वानुभव

कुंडईची औद्योगिक वसाहत, शेड क्रमांक सत्तावीस.
खाणी चालू होत्या तेव्हा
इथे बार्जींचे पंखे दुरुस्तीला यायचे.
आता आम्ही इथे यकृतं ओततो.

खोटी. चायना ग्रासची,
म्हापशाच्या बाजारात पुड्यांत मिळतो तोच,
थोडं ग्लिसरीन, चिमूटभर ग्रॅफाइट,
आणि आत कुठेतरी, वल्लरी कुणाला सांगत नाही कुठे,
भिरंडेची एक बी.
ती गाठ.

सुई बाहेरून घालायची.
पडद्यावर नुसतं धुकं, पहाटे मांडवीवर असतं तसं,
त्यातून बी हुडकायची.
यकृत गप्प बसलं असतं तर सोपं होतं.
पण माणूस श्वास घेतो,
गाठ दोन बोटं खाली जाते, परत वर येते.
म्हणून ज्योकीमने जुन्या शिलाई मशीनची मोटर जोडून
तबकाला श्वास घ्यायला शिकवलं.
मिनिटाला चौदा.
वल्लरीचा प्रोग्रॅम त्या श्वासाच्या मागे मागे जातो
आणि सुईला सांगतो: थांब. थांब. आता.

मी हिशेब लिहिते.
म्हणून अर्जही माझ्याच टेबलावर आला, बेचाळीस पानी:
प्रतिमांच्या आधारे कर्करोग उपचार, लघुउद्योगांस अर्थसाहाय्य.
बाजारपेठेचा आकार?
मी आकडा लिहिला. शून्यं मोजताना लक्षात आलं,
ही माणसं आहेत.
नफा कितव्या वर्षापासून?
रकाना अकरा: अर्जदाराचा या क्षेत्रातील पूर्वानुभव.
ज्योकीमने माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि लिहिलं: बायको.

तो चहा ठेवायला गेला तेव्हा
मी त्यावर पांढरी शाई फिरवली.
वर लिहिलं: बार्जदुरुस्ती, एकवीस वर्षे,
अचूकता मिलिमीटरचा शंभरावा भाग.

इमिल्दाला मी कधी पाहिलं नाही.
सुई तीनदा चुकली एवढं ऐकलंय,
चौथ्यांदा तिनेच नको म्हटलं.
लेथवर तीनदा चुकलं तर तुकडा भंगारात टाकतात,
ज्योकीम एकदा म्हणाला,
पुढचं लेथच्या आवाजात गेलं.

पहिला हप्ता आला.
प्रोब आला, दोघांचे थकलेले पगार झाले.
छप्पर गळतं ते कुठल्या खर्चात दाखवायचं
ते अजून मला कळलेलं नाही.

मग पाहणीला एक बाई आल्या.
येताना मार्दोळला थांबल्या असाव्यात,
पर्समधून जायांचा वास येत होता.
शिलाई मशीनच्या मोटरवर हलणारी जेली बघून
त्यांनी विचारलं, यंत्र कुठाय?
वल्लरीने त्यांच्या हातात सुई दिली.

पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदाही.
बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
मग वल्लरीने प्रोग्रॅम चालू केला.
थांब. थांब. आता.
बी लागल्याचं बोटांना कळतं, फार नाही,
भात शिजलाय का बघताना कळतं तितपत.
बाईंनी सुई काढली नाही बराच वेळ.
माणसांसाठी कधी?
सहा वर्षं, वल्लरी म्हणाली, सगळं नीट झालं तर.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.
दुसऱ्या हप्त्याबद्दल बोलल्या नाहीत.

त्याला तेरा आठवडे झाले.
काल डबा विसरले म्हणून रात्री परत आले,
तर काळोखात ते चालूच होतं,
वर, खाली. कुणी बंद करायचं राहिलेलं.
मी दिवा लावला नाही,
मोबाइलच्या उजेडात फाईल काढली,
कार्यालयीन प्रत, रकाना अकरा,
आणि नखाने पांढरी शाई खरवडत बसले.
'बाय' एवढं वर आलं.
इथे लाडक्या लेकीबहिणींना तशीच हाक मारतात.
पुढे कागद फाटायला लागला, मी थांबले.

मोटर चालू होती.
बिल येईल.
येऊ दे.