न-१७

मे महिना. कूलर वाळ्याच्या वासाची नुसती ओली धूळ फेकतोय
आणि मी बर्फाच्या डब्यात
चाळीस माणसांचं रक्त घेऊन बसले आहे.

आरएनए फार नाजूक.
उघडं बोट लागलं तरी मोडतं.
मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर लाइट गेली
की आधी फ्रीझरकडे धावायचं, मग जिन्याकडे.

सर म्हणतात, जनुकं पेशीपेशीत तीच असतात.
काविळीच्या विषाणूनं वीस-वीस वर्षं मुक्काम ठोकल्यावर
कुठली गप्प झाली, कुठली मोठ्यानं बोलू लागली,
रक्तात त्याचा पडसाद येतो का,
गाठ सोनोग्राफीला दिसायच्या आधी,
एवढंच आपण ऐकायचं.
याला म्हणायचं अभिव्यक्ती.
हा शब्द मी बारावीला मराठीच्या पेपरात
दोनदा वापरला होता, अर्थ न कळता.

वीस नळ्यांवर र, म्हणजे रुग्ण.
वीस नळ्यांवर न, म्हणजे निरोगी.
निरोगी माणसं मिळता मिळेनात.
नर्सिंगच्या पोरी सुट्टीवर,
तपासायच्या पट्ट्या संपलेल्या, नवा खोका यायचा होता.
म्हणून सायकल स्टँडवरच्या डोमाजी हेडाऊंना वर आणलं.

"सुई पायली का मले आमच्या गोळीबार चौकातला कंपाउंडर आठवते.
एक काचेची पिचकारी, एक सुई, अन् आख्खी गल्ली रांगेत.
गरम पान्यात बुचकळली का झालं."
मी हसलेसुद्धा.
शीर चटकन सापडली,
मागावर धोटा फेकून फेकून वर आलेली.

आज नकाशा छापून आला.
आडव्या ओळी जनुकांच्या, उभ्या माणसांच्या,
लाल, हिरवं, मध्येच काळं.
यंत्राला कोण कुठला ते माहीत नसतं.
त्यानं सारख्याशेजारी सारखं लावत नेलं
आणि न-१७
र-९ आणि र-१४च्या मधे नेऊन बसवला.

पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तिथेच.
सर चष्मा पुसत म्हणाले, चाळीसच तर नमुने,
एवढ्यावरून माणसाला काही सांगता येत नाही.
मग बऱ्याच वेळानं:
पट्ट्या आल्या का बघ.

आल्या होत्या.
दुसरी रेषा इतकी फिकट
की मी ती खिडकीशी नेली.
खिडकीतही ती होतीच.

जिन्यात मी तीन वाक्यं पाठ केली होती.
खाली गेले तर डोमाजी कडुलिंबाखाली बिल्ले मोजत होते,
आणि मी नुसता कागद पुढे केला.
त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून धरला,
लुगड्याचा पदर तपासावा तसा.
"रंग बरे लावले. मांडनी कोनं केली?"
यंत्रानं.
बोट खालच्या अक्षरांवरून सरकत गेलं, थांबलं.
"एवढ्या र-च्या मधात
हा एकटा न काहून आला व?"

मी बिल्ल्यांकडे पाहत राहिले.

त्यांनी कागद उलटा केला.
"कापडाचं खरं मागच्या अंगानं कळते, पोरी."
मागचं अंग कोरं होतं.
त्यावर मी लिहिलं:
सोनोग्राफी, खोली अकरा, मंगळवार,
उपाशीपोटी.

"चहा चालते?"
नाही काका.
चहासुद्धा नाही.