पातं

माझं काम तळघरातलं.
सालमियात, समुद्राकडे पाठ करून बसलेला
एक बर्फाचा हॉल,
त्याच्या जिन्याखाली फिरतं चाक, तेलाची बाटली आणि मी,
मिरजेच्या शिकलगारांतला नूरमहंमद.
आजानं म्हणे तलवारी लावल्या, बापानं विळे-कोयते.
मी बुटांखालची पाती लावतो.
बाहेर पन्नास डिग्री. आत स्वेटर.

पहिल्यांदा आली तेव्हा अकराची असेल,
भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेले.
पावतीसाठी नाव विचारलं.
"घनीमा."
मला ऐकू आलं गनीम.
हसलो. म्हटलं, आमच्याकडे शत्रूला म्हणतात असं.
"कुणाच्या शत्रूला, उस्ताद?"
अजून उत्तर सुचलेलं नाही.

मुलींना बर्फावर वेळ नव्हती.
पोरांचा सराव संपायचा रात्री अकराला,
मग यंत्र फिरून पाणी सोडेपर्यंत
वीस मिनिटं उरायची,
खरवडलेली, खड्ड्याखड्ड्यांची, कुणाचीच नसलेली.
तेवढ्यात यायची, लुटायची, पसार.

सामना असा मी कधी पाहिला नाही.
छतातून आवाज यायचा फक्त,
चकती कठड्यावर आदळल्याचा.
तिला पाहिलं ते पात्यात.
विळ्याला एक धार. याला दोन,
मधून बारीक नाली गेलेली.
डाव्या पात्याची आतली धार झिजून आली
की समजायचं, वळण जमलं.
टोकाशी खाच दिसली
की कुणीतरी मुद्दाम काठी घातली.
पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी पात्याला
तशीच खाच.
मी दोन्ही गुळगुळीत करून द्यायचो.

सतराव्या वर्षी नऊजणी जमवल्या.
शाळेतली बाई, दातांची डॉक्टर, दोघी जुळ्या,
आणि गोलात उभं राहायला कुणीच तयार नाही म्हणून
एक मावसबहीण, रोजच्या शावर्माच्या बोलीवर.
बँकॉकला जाऊन आल्या.
"सतरा शून्य," म्हणाली.
कुणाचे सतरा, ते विचारलं नाही.
पण अठराच्या अठरा पाती
मुळापर्यंत झिजून आली होती.
पळून आलेल्यांची अशी झिजत नाहीत.

तीन वर्षांनी एका दुपारी
काही न बोलता माझ्या टेबलावर
एक चकती ठेवली. काळी, कडेला ओरखडा.
मीही बोललो नाही. डब्याच्या दुधाचा चहा टाकला.
पेपरात छापून आलं, पहिली, पहिली.
ती म्हणाली, "पहिली म्हणजे काय उस्ताद,
जिला पास द्यायला पुढे कुणी नसतं."

मग उजवं पातं कोरं येऊ लागलं.
एक आठवडा. चार आठवडे.
"गुडघा?" मी विचारलं.
तिनं बोट ओठांवर ठेवलं.
डॉक्टरला ठाऊक नव्हतं, आईला नव्हतं,
मला होतं, आणि पोलादाला.
त्या साली उजव्याला धार मी जराशी कमी ठेवली,
तिला न सांगता.
अंतिम सामन्यात ती घसरली म्हणतात, उजवीकडेच.
बरोबर केलं की चूक, अल्ला जाणे.

आता ती शिट्टी वाजवते, काळे-पांढरे पट्टे घालून.
थैलीभर इवलेसे बूट आणते:
"यांना फार धार नको, आधी पडायला शिकू दे."

तिचे जुने बूट राहिले माझ्याकडे.
धार लावणं म्हणजे दर वेळी थोडं खाणंच.
पंधरा वर्षांत मीच खाल्लं ते पातं,
करंगळीएवढं उरलेलं.
"फेकून द्या," म्हणाली, आणि गेली जिन्यावरून,
एक पायरी, थांबून, दुसरी.

फेकलं नाही. घासून सुरी केली,
मूठ मोडक्या काठीची.
गावाकडे जाणाऱ्या एकाच्या बॅगेत
टॉवेलात गुंडाळून दिली.

काल जैतूनबीचा फोन.
"अवो, कसलं पोलाद म्हनायचं हे!
कांदा चिरला तर डोळ्याला पानीच न्हाई."
म्हटलं, गनिमाचं आहे.
बोटं सांभाळ.